मोशे नकार का देतो?

प्रश्न : तोरेतील (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातील) ‘निर्गम’ या ग्रंथात, मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) गुलाम असलेल्या इब्री लोकांना (ज्यूंच्या पूर्वजांना) सोडवण्यासाठी जळत्या झुडपापाशी देव बोलावत असताना मोशे वारंवार नकार देतो. हा भित्रेपणा समजावा काय?

उत्तर : मला तसे वाटत नाही. फारोच्या (मिसरच्या राजाच्या) कन्येने नदीतून उचललेला हा मुलगा मोठा झाल्यावर एका इब्री माणसाला मारणाऱ्या मिसरी माणसाला ठार करतो; परंतु दुसऱ्याच दिवशी, भांडणाऱ्या दोघा इब्रींना समजावू जाता, ‘तुला आमच्यावर अधिकारी कोणी नेमले?’ असे त्यालाच ऐकावे लागते. हा घाव घेऊनच तो मिद्यान या परक्या प्रदेशात पळतो, आणि म्हणूनच पुढे होरेबवर, त्या जळत्या झुडपाच्या डोंगरावर, इब्री लोकांविषयी ‘ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत’ हे त्याचे म्हणणे मला अनुभवाचे बोल वाटतात. आपण ‘जड तोंडाचा, जड जिभेचा’ आहोत, असेही तो सांगतो. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी म्हणतात की, देव सात दिवस त्याची मनधरणी करत होता, आणि थोरला भाऊ अहरोन दुखावला जाऊ नये, हेही त्याच्या नकाराचे कारण होते. मिद्राशातली (ज्यू धर्मगुरूंच्या प्राचीन कथा-भाष्यांतली) एक कथा तर फार हृद्य आहे : मोशे राखत असलेल्या कळपातून पळालेले करडू पाण्यापाशी सापडते, तेव्हा ‘तू तहानेने पळालास, दमला असशील’ असे म्हणून मोशे त्याला खांद्यावर घेऊन परततो, देव त्याला निवडतो तो हे पाहून.