आमी हाव तोवर ठीक हाय, मंग?

"म्याडम, आमी हाव तोवर चालते, पण आमच्यामागं याचं कसं होईन?"

हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय की आईबाप खुर्चीत बसले की मला आधीच कळतं. मागच्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून असंच जोडपं आलं, सोबत 23 वर्षांचा पोरगा, बौद्धिक अक्षमता असलेला. गावात त्याला 'साधा' म्हणतात. (ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं केलंय.)

वडिलांनी फाईल उघडली. प्रमाणपत्र, युडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, सगळं नीट. त्यांना पालकत्वाचं विचारायचं होतं, कारण पोरगा 18 चा झाला की कायद्याच्या नजरेत तो सज्ञान, आणि 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती अशा मुलांना कायदेशीर पालक नेमून देते, त्याचा अर्ज कसा करायचा ते मी सांगितलं. पण हेही म्हटलं, दादा, कागदावरचा पालक सकाळी उठून याला चहा करून देणार आहे का?

मग आईला विचारलं, हा उठल्यापासून काय काय करतो?

"पेस्ट मीच लावून देतो, पाणी काढून देतो, बटनं लावून देतो, ताट वाढून देतो. तो कराले गेला त लय वेळ लागते न बाई, अन मले वावरात जा लागते."

पोरगा खाली बघत बसलेला. बापाच्या तोंडून शेळ्यांचा विषय निघाला आणि गडी एकदम बोलायला लागला. अकरा शेळ्या, कोणती गाभण, कोणती बकऱ्याला जवळ येऊ देत नाही, कोणाचा पाय दुखतो. जो माणूस अकरा शेळ्यांचा हिशोब ठेवतो त्याच्या शर्टाची बटनं 23 व्या वर्षी आई लावते! राग नाही आला मला, आईची ओढाताण दिसत होतीच, पण "याले जमत नाही" आणि "याले कोणी करू देत नाही" यात फरक आहे आणि घरातल्या माणसाला तो बहुतेक वेळा दिसत नाही.

शिकवायला आम्ही फक्त चहा करणं घेतलं. बाकी काही नाही. आणि तोही शेवटून सुरू केला, म्हणजे आईनं सगळा चहा करायचा, गाळायचा, यानं फक्त कप उचलून बापाला नेऊन द्यायचा. ते जमलं की गाळणंही त्याचं. मग उकळी आली की गॅस बंद करणं, मग साखर पत्ती टाकणं, असं एकेक पायरी मागं. शेवटून का, तर पहिल्या दिवसापासून चहा "यानं दिला" असं होतं, बाप याच्या हातचा कप घेतो, त्याला मजा येते. सुरुवातीपासून शिकवलं तर पोरगा पातेल्यात पाणी घेऊन थांबतो, पुढचं आई करते, त्याच्या हाती काहीच लागत नाही. गॅसचं बटन मात्र आधीच वेगळं शिकवलं, रेग्युलेटर बंद ठेवून, रिकाम्या शेगडीवर, महिनाभर नुसतं चालू बंद, चालू बंद.

दोन महिने गाडी गाळण्यावरच अडकली. मला समजेना. मग आईनंच कबूल केलं की कापूस वेचणी सुरू झाल्यावर ती घाईत स्वतःच गाळून टाकते. सांडतो न तो.

सुटलं ते आजीमुळे, यात माझं काही श्रेय नाही. आई चार दिवस भावाच्या घरी लग्नाला गेली, बाप वावरात, घरी हा आणि आजी. आजीच्या डोळ्यात मोतीबिंदू, गॅसजवळ जायची भीती वाटते, आणि चहाची तर तल्लफ! आजी खाटेवरून नुसती ओरडायची, "अरे आता पत्ती टाक, आता पाह्य उकळी आली का." हात लावून मदत करणं तिला शक्यच नव्हतं. आई परत आली तर पोरगा चहा करत होता, ओट्यावर अर्धा सांडलेला, पण करत होता. तेव्हापासून मी घरच्यांना सांगते, शिकवताना हात मागे बांधून बसा.

पैशाच्या बाबतीत चूक माझी झाली. मी नोटा रंगावरून ओळखायला शिकवल्या होत्या, 50 ची निळी, 100 ची जांभळट, वगैरे. एका आठवडी बाजारात त्यानं 20 ची समजून 200 ची नोट दिली, दोन्ही पिवळसरच की! भाजीवाली बाई ओळखीची, तिनं परत केली. मग रंग सोडला. आता तो 20 ची एक पिवळसर नोट खिशात वेगळी ठेवतो आणि शंका आली की दुसरी नोट तिच्यावर ठेवून बघतो, 200 ची जवळपास पावणेदोन सेंटीमीटर लांब निघते. वेळ लागतो, मागची माणसं कुरकुरतात, कुरकुरू द्या.

तालुक्याला एसटीनं जाणं सध्या चालू आहे. सवलतीचं कार्ड तो स्वतः कंडक्टरला दाखवतो, बाप मागच्या सीटवर अनोळखी माणसासारखा बसतो, आणि खरं सांगू, बापालाच ते जास्त जड जातं, दोनदा त्यानं मधेच उठून "ए, उतर आता" म्हटलंय.

दाढी अजून आईच करून देते. आंघोळीला हाक मारावीच लागते. पालकत्वाचा अर्ज दिलाय. परवा आईचा फोन आला, मला वाटलं काही बिघडलं, तर तक्रार वेगळीच.

"बाई, साखर लय टाकते वो तो. दहा दिवसात किलो संपली."

म्हटलं, मग दुकानात कोण जातं आणायला?

"तोच जाते," ती म्हणाली, आणि लगेच मागं वळून त्याच्यावर ओरडली, पिशवी घेऊन जा म्हणून.