जठरातल्या शिरेत ‘ग्लू’ टाकणार म्हणजे नेमकं काय करणार? तो रक्तातून दुसरीकडे गेला तर?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना सिरोसिस (यकृत निबर होण्याचा आजार) आहे, रक्ताची उलटी झाली, दुर्बिणीतून जठराच्या वरच्या भागात फुगलेली शीर दिसली आणि आता डॉक्टर तिथे ग्लू टाकायचा म्हणतात. हे फेव्हिक्विकच का, हा तुमचा पहिला प्रश्न.

कुळ एकच, पदार्थ वेगळा. घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदात सहसा एथिल सायनोअ‍ॅक्रिलेट असतं. ते शरीरात लवकर तुटतं आणि त्यातून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइडसारख्या घटकांनी आसपासच्या पेशींना इजा होते. शिरेत वापरतात ते एन-ब्यूटिल-२-सायनोअ‍ॅक्रिलेट. ते फार सावकाश तुटतं, म्हणून पेशींना त्रास कमी. रक्ताचा स्पर्श होताच काही सेकंदांत घट्ट होतं आणि शीर आतून बुजते. जर्मनीत सोहेन्द्रा आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये जठरातल्या शिरांसाठी याचा वापर प्रसिद्ध केला.

बँड, म्हणजे शिरेच्या मुळाशी रबरी कडं चढवणं, का नाही? अन्ननलिकेतल्या शिरांना बँडच योग्य. पण जठराच्या घुमटातल्या, म्हणजे फंडसमधल्या शिरा जाड आणि खोल असतात. रबरी बँडमध्ये पूर्ण शीर येत नाही. बँड गळून पडला की खाली व्रण राहतो आणि तिथूनच पुन्हा धो-धो रक्त येऊ शकतं. रिपोर्टवर जीओव्ही-२ किंवा आयजीव्ही-१ लिहिलं असेल तर या फंडसच्या शिरा. हे वर्गीकरण दिल्लीच्या डॉ. शिवकुमार सरीन यांचं, आणि ते जगभर वापरलं जातं.

प्रत्यक्षात ग्लू बहुधा लिपिओडॉल या तेलकट, एक्स-रेत दिसणाऱ्या औषधात मिसळतात. नेहमीचं प्रमाण ०.५ मिली ग्लूला ०.५ ते ०.८ मिली लिपिओडॉल. काही ठिकाणी ग्लू नुसताच टाकतात. दुर्बिणीतून जाणारी सुई आधी डिस्टिल्ड वॉटरने किंवा लिपिओडॉलने भरून घेतात. साधं सलाईन इथे चालत नाही, कारण त्यातल्या क्षारांमुळे ग्लू नळीतच गोठतो. सुई शिरेच्या आत आहे याची खात्री करून साधारण १ मिलीपर्यंतचा एक डोस झटकन देतात, मागोमाग नळीत उरलेला ग्लू डिस्टिल्ड वॉटरने पुढे ढकलतात आणि लगेच सुई मागे घेतात. उशीर झाला तर सुई शिरेत चिकटते, आणि ओढून काढताना शीर फाटते. मग बोथट टोकाने दाबून पाहतात. शीर कडक लागली तर भरली, मऊ लागली तर आणखी डोस. ग्लूचा थेंब डोळ्यात उडू नये म्हणून पेशंटचेही डोळे झाकतात.

आता तुमची खरी भीती. ती अनाठायी नाही. फंडसच्या शिरांमधून बऱ्याच पेशंटमध्ये डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेकडे जाणारी मोठी आडवाट, गॅस्ट्रो-रीनल शंट, तयार झालेली असते. तिथला प्रवाह जोरात असेल तर ग्लू गोठायच्या आत सुटतो आणि हृदयातून फुप्फुसात जातो. हृदयाच्या पडद्याला जन्मजात छिद्र असेल तर मेंदूतही जाऊ शकतो. प्लीहेच्या किंवा पोर्टल (यकृताकडे रक्त नेणाऱ्या) शिरेतही गुठळी होऊ शकते. लिपिओडॉल जास्त झालं किंवा एका वेळी खूप ग्लू टाकला की हा धोका वाढतो. जीवघेणा प्रकार क्वचित होतो. उलट फंडसची शीर वाहत असताना तशीच सोडणं बहुतेकदा जास्त धोक्याचं, म्हणून रक्तस्राव चालू असेल तर सीटीसाठी थांबू नका.

रक्त थांबलेलं असेल आणि वेळ असेल, तर मात्र मी आधी कॉन्ट्रास्ट सीटीचा (शिरा उठून दिसाव्यात म्हणून औषध टोचून काढलेल्या सीटी स्कॅनचा) आग्रह धरेन. शंट मोठा दिसला तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडखाली (दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीत बघत) आधी धातूची कॉइल आणि मग ग्लू, किंवा मांडीच्या अथवा मानेच्या शिरेतून जाऊन शंट बंद करणारी बीआरटीओ, हे पर्याय विचारा. प्लीहेची शीर स्वादुपिंडाच्या सुजेमुळे बंद झाल्याने या शिरा फुगल्या असतील तर उपचाराची दिशाच बदलते. तेही सीटीत कळतं.

रक्तस्रावात अँटिबायोटिक द्यावंच लागतं (सहसा सेफ्ट्रियाक्सोन, रोज १ ग्रॅम, जास्तीत जास्त ७ दिवस). रक्त चढवताना हिमोग्लोबिन ७ ते ८ पुरे. त्याहून वर नेलं तर शिरांमधला दाब वाढतो.

घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस काळी शी जुन्या रक्ताची असू शकते. पण ती थांबून पुन्हा सुरू झाली, चक्कर आली, अचानक दम लागला, छातीत दुखलं, बोलणं अडखळलं किंवा थंडी वाजून ताप आला, तर थेट इमर्जन्सीत न्या. काही आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत ग्लूचा कडक गोळा जठराच्या आत बाहेर ढकलला जातो. हे अपेक्षितच असतं, मात्र त्या जागी व्रण होऊन रक्त येऊ शकतं. पुढच्या दुर्बिणीत तो लोंबताना दिसला तरी ओढून काढू नये. दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक बिलकुल नको. दारू असेल तर पूर्ण बंद. लॅक्टुलोज (शी मऊ करणारं पातळ औषध) दिलं असेल तर दिवसाला दोन-तीन मऊ शी होतील असा डोस ठेवा.

डिस्चार्ज कार्डवर शिरेचा प्रकार, ग्लू किती मिली गेला आणि दोन ते चार आठवड्यांनंतरच्या एंडोस्कोपीची तारीख लिहून घ्या. पुढे कधी सीटी किंवा एक्स-रे काढायची वेळ आली तर ते कार्ड सोबत न्या. लिपिओडॉलमिश्रित ग्लू पांढराशुभ्र दिसतो आणि माहिती नसलेल्याला तो भलतंच काही वाटू शकतो.