सर्दीची गोळी चालू असताना द्राक्षं खाल्ली तर चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॉक्टरांनी शिंका-ॲलर्जीसाठी फेक्सोफेनाडिन १८० दिलीये, जोडीला अंगदुखी-तापासाठी सर्दीची नेहमीची गोळी. नेटवर 'ग्रेपफ्रूट टाळा' असं वाचलंत आणि रविवारी पिंपळगाव बसवंतला मामांच्या बागेत जायचंय. जायचं की नाही? आणि गोळ्यांबरोबर दूध चालेल का?

जा हो खुशाल. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. नाशिकच्या पंचवटीत माझं मेडिकल आहे आणि द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की हा प्रश्न काउंटरवर येतोच. ग्रेपफ्रूट लिंबू-संत्र्याच्या कुळातलं, पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेलं फळ. आपल्याकडे ते फारसं दिसतही नाही. त्याच्या रसाने काही औषधं रक्तात जास्त चढतात, पण तुमच्या फेक्सोफेनाडिनचं उलटं आहे. ग्रेपफ्रूटच काय, संत्र्याच्या आणि सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तरी ती आतड्यातून कमी शोषली जाते. म्हणजे त्रास काही होत नाही, पण शिंका चालूच राहतात आणि गिऱ्हाईक मला येऊन सांगतं, "गोळी डुप्लिकेट दिली काय?" तेव्हा गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि द्राक्षं तासा-दोन तासांनी खा.

मिसळ खाऊन जळजळ झाली की लोक ॲसिडिटीचं पातळ गुलाबी औषध घोटभर पितात. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ते औषधही ही फेक्सोफेनाडिनची गोळी अडवतं. दोघांत दोन तास जाऊ द्या.

आता तुम्ही जे विचारलंच नाहीत ते. मामांकडे संध्याकाळी वाईनची बाटली उघडली, तर तुम्ही हात आखडा. सर्दीच्या साध्या गोळीत बहुतेक वेळा क्लोरफेनिरामाइन हे नाक गळणं थांबवणारं औषध असतं. त्याने आधीच पेंग येते, त्यावर दारू म्हणजे दुप्पट. देवळालीकडच्या माझ्या मेहुण्याने एका थंडीत गोळी घेऊन वर गरम पाण्यातून रम घेतली, "सर्दी उतरते" म्हणून. जेवायला बसला आणि वरणभातात बोटं तशीच ठेवून झोपला. आम्ही हसलो, पण पहाटे त्याला अंबडला कारखान्यात मशीनवर उभं राहायचं होतं. बहिणीने त्याला जाऊ दिलं नाही, बरं केलं.

पॅरासिटामॉलचं प्रकरण याहून वाईट, कारण ते जाणवत नाही. सर्दीच्या गोळीत बहुधा ५०० मिलिग्रॅम असतंच, वर तापाची वेगळी गोळी, रात्री आणखी एखादं पाकीट. धडधाकट मोठ्या माणसाची मर्यादा चोवीस तासांत ४ ग्रॅम. रोज दारू पिणाऱ्याचं यकृत तेवढंही सोसत नाही, त्याने डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा येत असेल, तर सगळ्या स्ट्रिप्स मेडिकलवाल्यासमोर ठेवा. आम्हाला दोन मिनिटं लागतात.

आल्याचा चहा चालेल. फक्त गोळीत फेनिलेफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) असेल आणि दिवसाचे सहा-सात कप होत असतील, तर छातीत धडधडतं, झोप उडते. काही गोळ्यांत कॅफिन आधीच घातलेलं असतं. बीपीवाल्यांनी असली गोळी मनाने घेऊच नये. त्यांना आणखी एक: खोकल्यासाठी ज्येष्ठमधाची काडी दिवसभर चघळत बसू नका. ते प्रमाणाबाहेर गेलं की बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. लघवीची गोळी चालू असेल तर जास्तच.

दुधाचं विचारलंत. तुमच्या या दोन गोळ्यांना दुधाची अडचण नाही. पुढे डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक लिहून दिलं, तर मात्र ते दुधाबरोबर नको. कॅल्शियम त्याला धरून ठेवतं आणि औषध पोटातच अडकतं.