अमेरिकन कॉलेजातल्या सोरोरिटी चॅप्टरचा इतिहास कसा शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी अमेरिकेत शिकतेय, तिथल्या सोरोरिटीत आहे, आणि चॅप्टरच्या शंभरीनिमित्त इतिहास लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलंय. चॅप्टरच्या मुली राहतात त्या घराच्या पाटीवर १९२६ साल आहे. पण नव्वदीतल्या एक माजी सदस्य म्हणतात, माझी आई १९२३ मध्येच आत आली होती. मग खरं कोणाचं?

बहुधा दोघांचंही. मी इथे मिडवेस्टमधल्या एका छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयात, जुन्या कागदपत्रांच्या विभागात काम करते. हा घोळ वर्षातून दोनदा तरी माझ्या टेबलावर येतो.

ज्यांना सोरोरिटी म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी: कॉलेजातल्या मुलींची ग्रीक अक्षरांच्या नावाची संघटना. 'सोरोर' म्हणजे लॅटिनमध्ये बहीण, तेव्हा शब्दशः भगिनी मंडळच, फक्त हळदीकुंकवाऐवजी गुप्त विधी. प्रत्येक कॉलेजातली शाखा म्हणजे चॅप्टर.

आता सालाचं. बहुतेक चॅप्टर आकाशातून पडत नाहीत. आधी आठ-दहा मुली एकत्र येऊन आपला स्थानिक क्लब काढतात, त्याला काहीतरी नाव देतात. मग एखाद्या राष्ट्रीय सोरोरिटीकडे अर्ज करतात. त्यात दोन-चार वर्षं सहज जातात. सनद मिळाली की पाटीवर ते साल कोरलं जातं आणि आधीचा क्लब विस्मरणात जातो. आजीबाईंची आई त्या क्लबात होती, असा माझा अंदाज.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे इलिनॉयमधलं मॉनमथ कॉलेज. २८ एप्रिल १८६७ ला तिथल्या बारा मुलींनी, त्यातल्या दोघींच्या भाड्याच्या खोलीत, 'आय. सी. सोरोसिस' काढली. हीच आजची पाय बीटा फाय, पण हे नाव अधिकृतपणे आलं १८८८ मध्ये. त्याआधीच्या वर्तमानपत्रांत 'पाय बीटा फाय' शोधत बसलात तर हाती फारसं काही लागणार नाही. पुढे कॉलेजनेच अशा संघटनांवर बंदी घातली. मुलींनी काही काळ गुपचूप चालवलं, शेवटी १८८४ ला चॅप्टर बंद पडला. परत सुरू झाला १९२८ मध्ये, तोही तिथल्या एका स्थानिक क्लबाला सनद देऊन. म्हणजे संघटना जिथे जन्मली तिथेच चव्वेचाळीस वर्षं तिची शाखा नव्हती! मुलीला सांगा, 'अखंड शंभर वर्षं' असं लिहिण्याआधी मधली वर्षं तपास.

शब्दांचाही एक सापळा आहे. 'सोरोरिटी' हा शब्द १८८२ मध्ये सिरॅक्यूजच्या एका लॅटिनच्या प्राध्यापकाने गॅमा फाय बीटा या संघटनेच्या मुलींसाठी सुचवला. त्याआधीच्या संघटना स्वतःला 'सोसायटी' किंवा चक्क 'फ्रॅटर्निटी' (म्हणजे खरं तर बंधुमंडळ) म्हणवत, आणि काही अधिकृतपणे आजही तसंच म्हणवतात. शोधताना तिन्ही शब्द टाका.

मी स्वतः सुरुवात इयरबुकपासून, म्हणजे कॉलेजच्या फोटोंसकटच्या वार्षिक पुस्तकापासून करते. तिथे मी एकदा सपशेल आपटलेय. एका चॅप्टरचा पहिला फोटो १९२१ च्या इयरबुकात मिळाला, मी १९२१ लिहून मोकळी झाले. नंतर कळलं की त्या काळी बऱ्याच कॉलेजांत इयरबुक तिसऱ्या वर्षाची मुलं काढत आणि त्यावर आपल्या पदवीचं साल छापत. त्यामुळे १९२१ च्या पुस्तकात असतं १९१९-२० चं वर्ष. तेव्हापासून आतल्या फुटबॉल सामन्यांच्या तारखा बघितल्याशिवाय मी साल लिहीत नाही. सोरोरिटीच्या पानांबरोबर साध्या क्लबांची पानंही उलटा. १९२६ च्या फोटोतले तेच चेहरे दोन वर्षं आधी वेगळ्याच नावाखाली उभे दिसले, की तुमचा स्थानिक क्लब सापडला.

दुसरी खाण म्हणजे सोरोरिट्यांची स्वतःची मासिकं. कप्पा कप्पा गॅमाचं मासिक १८८२ पासून निघतंय, पाय बीटा फायचं १८८५ पासून. जुन्या अंकांत प्रत्येक चॅप्टरच्या चिटणीस मुलीचं पत्र छापलेलं असतं: कोण आजारी पडली, पियानो कितीला घेतला, कोणाचं लग्न ठरलं.

आणि लग्नावरूनच खरी गोची होते. माजी सदस्यांच्या याद्यांत बायका 'मिसेस अमुक-तमुक' अशा, नवऱ्याच्या नावाने. इयरबुकात मात्र माहेरचं नाव. आपल्याकडे वेगळं काय होतं म्हणा! माझी आजी शाळेच्या दाखल्यावर एक आणि रेशनकार्डावर दुसरीच होती. म्हणून पहिल्या दिवसापासून एक तक्ता करा: माहेरचं नाव, सासरचं नाव, लग्नाचं साल. मासिकातल्या लग्नांच्या बातम्यांनी तो भरत जातो. हे केलं नाही तर एकाच बाईला तुम्ही दोन बायका समजाल.

घराचा इतिहास हवा असेल तर सॅनबोर्नचे नकाशे बघा. आगीच्या विम्यासाठी काढलेले हे नकाशे इतके बारीक आहेत की विटांचं घर गुलाबी आणि लाकडी घर पिवळं रंगवलेलं असतं. जनगणनेवर मात्र फार विसंबू नका. १९५० च्या जनगणनेआधी नियम असा होता की विद्यार्थ्यांची नोंद आईवडिलांच्या घरी करायची. १९४० च्या कागदात सोरोरिटी हाउसच्या पत्त्यावर फक्त हाउसमदर (घर सांभाळणारी बाई) आणि स्वयंपाकीण सापडली तर घर ओस पडलं होतं असं समजू नका.

चॅप्टर कृष्णवर्णीय सोरोरिटीचा असेल, म्हणजे १९०८ ची अल्फा कप्पा अल्फा किंवा १९१३ ची डेल्टा सिग्मा थीटा (दोन्ही वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या), तर वरचं बरंचसं कुचकामी ठरतं. गोऱ्या कॉलेजांच्या इयरबुकांत या मुली कित्येकदा दिसतच नाहीत. शहरातल्या दोन-तीन कॉलेजांतल्या मुली मिळून एकच चॅप्टर असंही होतं. तिथे 'शिकागो डिफेंडर', 'पिट्सबर्ग कुरिअर' अशी कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रं चाळावी लागतात.

आणि मुलगी दक्षिण आशियाई सोरोरिटीत असती तर काम सोपं असतं. १९९८ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात सुरू झालेल्या कप्पा फाय गॅमाच्या काळातल्या मुली आज चाळिशीच्या पुढे आहेत, फोन करून विचारता येतं.

तुमच्या बाबतीत मी आधी त्या आजीबाईंना फोन करायला लावेन. आईचं माहेरचं आडनाव विचारा, आणि ते घेऊन १९२४ आणि १९२५ च्या इयरबुकातली क्लबांची पानं उघडा.