सायलेंट हंटर ३ या सबमरीनच्या गेममध्ये कॉनव्हॉयचा (मालवाहू जहाजांच्या ताफ्याचा) एस्कॉर्ट, म्हणजे राखणीचं लढाऊ जहाज, मागे लागला की दर वेळी सबमरीन बुडते, काय करू?

भाऊ, तू म्हणतोस डिस्ट्रॉयर (तेच राखणीचं जहाज) दिसला की लगेच टॉर्पेडो सोडतो, तिथंच गंडतंय. साधा टॉर्पेडो त्याला लागणं अवघड, तो बघतो आणि वळतो. आधी खोल जा, १५० मीटरच्या आसपास, सायलेंट रनिंग (कमीत कमी आवाज करत चालणं) लाव, स्पीड २ नॉट्सच्या खाली, आणि त्याच्याकडे नेहमी शेपूट किंवा नाक ठेव, आडवा अजिबात होऊ नको कारण आडव्या सबमरीनवरून त्याच्या ध्वनीने शोधणाऱ्या यंत्राचा, म्हणजे अ‍ॅस्डिकचा प्रतिध्वनी जोरात परत जातो.

आता खरी गंमत. इथं नाशकात पंचवटीतल्या आमच्या रूमवर रात्री सगळे झोपले की मी हेडफोन लावून खेळतो, तेव्हा नीट कळतं: पिंग (त्या यंत्राचे टणटण आवाज) जवळ जवळ यायला लागतात, मग त्याच्या जहाजाच्या पंख्याची (प्रोपेलरची) घरघर डोक्यावर येते. अ‍ॅस्डिकचा झोत पुढे तिरका जातो त्यामुळे अगदी वर आला की त्याला तू दिसतच नाहीस, आणि डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) सेकंदाला साधारण ३ मीटरने खाली येतात म्हणजे तुझ्याकडे पाऊण मिनिट तरी असतं. तेवढ्यात फुल स्पीड, सुकाणू पूर्ण एका बाजूला. स्फोट चालू आहेत तोवर त्याला ऐकू येत नाही, ते थांबायच्या आत परत हळू हो.

मारायचाच असेल तर १९४३ च्या सप्टेंबरनंतरचा टी-५ टॉर्पेडो वापर, तो पंख्याच्या आवाजामागे जातो. फक्त सोडल्यावर लगेच खोल जाऊन इंजिन शांत कर, नाहीतर तोच तुझ्यावर उलटतो.