पैसा कशात जास्त, वकिलीत की प्लास्टिक सर्जरीत?

प्रश्न: ताई, मी दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यातली. बाबा कास्तकार, सहा एकर वावर, पऱ्हाटी अन् सोयाबीन. बारावी सायन्स झालं, नीट दिली पण सरकारी सीट लागली नाही. मामा वकील आहेत, ते म्हणून राहिले की पाच वर्षाच्या लॉला अॅडमिशन घे, लवकर कमवायला लागशील. मला प्लास्टिक सर्जन व्हायचं आहे. चुलत भावाचा हात मळणी यंत्रात गेला होता, नागपूरच्या डॉक्टरांनी वाचवला, तेव्हापासून डोक्यात तेच बसलं आहे. एका व्हिडिओत पाहिलं की प्लास्टिक सर्जन वर्षाला सहा लाख डॉलर कमावतात अन् वकील दीड लाख. खरं आहे का हे? अन् समाधान कशात जास्त असते?

उत्तर: आकडे खरे आहेत बेटा, पण ते अमेरिकेचे आहेत. मेडस्केप म्हणून एक वेबसाइट आहे, ती तिथल्या डॉक्टरांना विचारून दरवर्षी कमाईचा रिपोर्ट काढते, 2023 च्या रिपोर्टमध्ये प्लास्टिक सर्जन सगळ्यात वर होते, सरासरी 6 लाख 19 हजार डॉलर. वकिलांचा आकडा तिथल्या सरकारी खात्याचा, मे 2023 चा, 1 लाख 45 हजार 760. आता यातला पहिला आकडा सरासरी आहे आणि दुसरा मधोमधचा, म्हणजे निम्मे वकील त्याच्या वर अन् निम्मे खाली, त्यामुळे दोन्ही एका तराजूत बसतच नाहीत. तिथल्या बड्या फर्ममध्ये नव्या वकिलालाही पहिल्याच वर्षी सव्वादोन लाख डॉलर मिळतात आणि गरिबांच्या केसेस लढणाऱ्या सरकारी वकिलाला सुरुवातीला त्याच्या निम्मेही नाही. त्यावरून दिग्रसच्या पोरीनं काय ठरवायचं?

तू असा हिशोब कर की कमाई सुरू होईपर्यंत किती वर्षं जातील आणि तेवढी वर्षं तुझा खर्च कोण करेल.

एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग एमएस जनरल सर्जरी 3 वर्षं, मग एमसीएच प्लास्टिक सर्जरी आणखी 3. झाली साडेअकरा. मधात नीट पीजी आणि नीट एसएस, म्हणजे एमएस अन् एमसीएचच्या प्रवेश परीक्षा, त्यात एखादं वर्ष जातेच, वरून सरकारी कॉलेजात शिकली तर बाँडची सेवा, म्हणजे ठरलेला काळ सरकारी दवाखान्यात काम, म्हणजे तिशी ओलांडली समज. पण यातली एक गोष्ट कोणी सांगत नाही, एमएसला लागल्यापासून दर महिन्याला स्टायपेंड सुरू होतो, सरकारी कॉलेजात तर इतका की वसतिगृहात राहून घरीही पाठवता येतात. दम लागतो, झोप मिळत नाही, पण एमबीबीएसनंतर बाबाच्या वावरावर भार राहत नाही.

लॉचं उलटं आहे. पाच वर्षात डिग्री, मग बार कौन्सिलची सनद म्हणजे वकिलीचा परवाना, ऑल इंडिया बार एक्झाम, अन् काळा कोट अंगावर येतो बावीस-तेविसाव्या वर्षी, आणि खरी ओढाताण तिथून सुरू होते. तालुका कोर्टात सिनियरच्या हाताखाली कित्येक ज्युनियरना पेट्रोलपाण्यापुरतेच मिळतात, काहींना तेही नाही. स्वतःचे पक्षकार यायला पाच-सात वर्षं सहज लागतात. मामांना वकिली सोयाबीनसारखी वाटून राहिली असेल, शंभर-सव्वाशे दिवसात पीक घरात, पण ती संत्र्याची बाग आहे, लावायला स्वस्त अन् फळ यायला बरीच वर्षं. लवकर पैसा आहे तो कॉर्पोरेट लॉमध्ये, मुंबईच्या मोठ्या फर्म राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या वरच्या पोरांना वर्षाला 15 लाखांच्या वर देतात, पण त्या जागा मोजक्या आणि त्यासाठी क्लॅट, म्हणजे या विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, चांगली जावी लागते. नागपुरातही असं विद्यापीठ 2016 पासून आहे, फी मात्र विचारून घे, जड आहे.

प्लास्टिक सर्जनची कमाई आपल्या भागात कशी? सरकारी मेडिकल कॉलेजात लागली तर महिन्याला लाखाच्या वर. प्रायव्हेटमध्ये नागपूर-अमरावतीत जम बसला की त्याच्या कितीतरी पट, आणि टकलावर केस लावणे, चेहऱ्याच्या सर्जरी यात नगदी पैसा आहे. पण दिग्रसला राहून हे होणार नाही, भूलतज्ज्ञ, मायक्रोस्कोप, आयसीयू सगळं लागते, शहर धरावंच लागेल. वकील मात्र आपल्याच गावात राहून अख्खं आयुष्य काम करू शकते. आईबाबांजवळ राहायचं असेल तर हे पैशापेक्षा मोठं आहे, याचा नीट विचार कर.

आता समाधान. आपल्या विदर्भात प्लास्टिक सर्जनकडे येते कोण ते पाहा. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेला माणूस, जबडा काढला की पायाचं हाड अन् चामडी घेऊन नवा जबडा बनवायचा. गडचिरोली-चंद्रपूरकडची मोहफुलं वेचायला गेलेली बाई, अस्वलानं चेहरा ओरबाडलेला. चुलीवर भाजलेली लेकरं, ज्यांची बोटं चिकटून वाकडी झालेली. फाटलेल्या ओठाची बाळं, ज्यांचा ओठ तीनेक महिन्याचं झालं की शिवता येते, स्माइल ट्रेनसारख्या संस्थेमार्फत हे ऑपरेशन भारतात 2000 पासून फुकट होऊन राहिलं, आणि 2013 पासून अंगणवाडीत तपासणीची पथकंही येतात, तरी बऱ्याच घरी अजून ग्रहणाचा दोष समजून लेकरू लपवून ठेवतात, हे वाचताना कोणाच्या ओळखीत असं बाळ असेल तर कृपा करून त्याला घेऊन जा.

तुझ्या भावासारखे हात तर सोयाबीन काढणीत येतातच. तुटलेला हात किंवा बोट जोडायला साधारण सहा तास हातात असतात, त्यातले चार तर नागपूर गाठण्यात जातात, म्हणून तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवायची, बर्फात थेट टाकायचा नाही. मग तो सर्जन केसापेक्षा बारीक धाग्यानं रक्ताच्या नळ्या जोडत रात्रभर बसते. आणि एवढं करून कधी कधी जोडलेलं बोट दोन दिवसांनी काळं पडते आणि काढावं लागते. हे सहन होईल का, ते स्वतःला विचार. ज्याला होते त्याला या कामात फार समाधान आहे, कारण केलेलं काम डोळ्यासमोर हात हलवत परत येते.

वकिलीत निकाल इतक्या लवकर दिसत नाही. अमेरिकेतच 2016 साली जवळपास 13 हजार वकिलांचा सर्व्हे प्रसिद्ध झाला होता, 28 टक्क्यांमध्ये डिप्रेशनची लक्षणं निघाली, कामाचा ताण अन् सतत भांडणातच जगणं हे कोणालाही झिजवते. पण म्हणून वकिली कोरडी समजू नको. प्रकल्पात गेलेल्या वावराचा वाढीव मोबदला, वाटणीत डावललेल्या बहिणीचा हिस्सा, अपघातात कमावता माणूस गेलेल्या घराचा क्लेम, हे मिळवून देणारा वकील अख्खं घर उभं करते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो 2006 च्या वनहक्क कायद्याच्याच आधारानं. आणि हिंगणघाटला जन्मलेले बाबा आमटे वरोऱ्याला वकिली करत होते, हे विसरू नको.

माझं मत स्पष्ट सांगते. एक वर्ष रिपीट कर, एकच, आणि सोबत लॉची सीईटीही दे. कारण डॉक्टर झाल्यावर तीन वर्षाचं एलएलबी कधीही करता येते, वकील झाल्यावर एमबीबीएसकडे वळणं जवळपास अशक्य. आज तुला प्लास्टिक सर्जरी निवडायचीच नाही आहे, आज फक्त एमबीबीएस निवडायचं आहे, जनरल सर्जरी पुढं सात-आठ वर्षांनी, प्लास्टिक त्याच्याही नंतर. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि तू ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असशील तर 2024-25 पासून कॅप राऊंडनं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, लागलेल्या मुलींची ट्यूशन अन् परीक्षा फी माफ आहे, कागदं आताच काढून ठेव, तहसीलमध्ये ऐनवेळी लई गर्दी होते. पुढच्या वर्षीही सीट नाही लागली तर मन मोडू देऊ नको, लॉला जा, आणि मामांसारखा घरचा सिनियर आहे तर त्यांना आताच विचार की ज्युनियर म्हणून पगार द्याल का.

प्रश्न: ताई, मी आर्वीकडचा, दोन वर्षं झाली कोर्टात जाऊन राहिलो, सिनियर महिन्याला दोन हजार देतात. सोडू का वकिली?

उत्तर: दादा, आत्ता सोडू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनियरना शहरात 20 हजार अन् ग्रामीण भागात 15 हजार द्यावे असं कळवलं आहे, सक्ती नाही पण ते पत्रक सिनियरना दाखवून बोलता येते. वर्ध्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, जे गरिबांना फुकट वकील देते, तिथल्या वकिलांच्या पॅनलसाठी चौकशी करा. आणि दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा आहेच, सुप्रीम कोर्टानं मे 2025 मध्ये तिच्यासाठी 3 वर्षाच्या प्रॅक्टिसची अट परत आणली, तुमची दोन झालीच आहेत. सुरुवातीचं मूळ वेतन 77 हजार 840 आहे. ज्या ज्या केसमध्ये उभे राहिले त्यांची नोंद अन् वकालतनाम्याच्या झेरॉक्स आजपासून सांभाळून ठेवा, प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट काढताना कामी पडतील.