८० मिमीला क्वार्क लावावा, की ४० मिमीची सौर दुर्बीण घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ८० मिमीचा एफ/७ रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) आहे, पुढे सूर्यप्रकाश मंद करणारी बाडरची फिल्म लावून गच्चीवरून सौरडाग बघता, आता प्रॉमिनन्स, म्हणजे सूर्याच्या कडेवर उसळलेल्या वायूच्या कमानी, बघायचे आहेत. मग आहे त्याच दुर्बिणीला क्वार्क (आयपीसच्या आधी बसणारा, हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढा सोडणारा फिल्टर) लावायचा, की सेकंडहँड पीएसटी (असाच फिल्टर आत असलेली, फक्त सूर्यासाठीची ४० मिमीची दुर्बीण) मिळतेय ती घ्यायची? आणि सौरचक्राचा, म्हणजे सूर्यावरच्या हालचालींच्या चढउताराचा, कमाल काळ उलटून गेलाय, तर आता पैसे घालण्यात अर्थ आहे का?

फोटो काढणं हा मुख्य उद्देश असेल तर क्वार्क. डोळ्याने बघायचं असेल आणि जागा शहरातली गच्ची असेल, तर मी छोट्या स्वतंत्र दुर्बिणीच्या बाजूने आहे.

क्वार्कमध्ये ४.२ पटीचा बार्लो (नाभीय लांबी वाढवणारं भिंग) आतच बसवलेला असतो. तुमच्या दुर्बिणीची नाभीय लांबी ८० च्या सातपट, ५६० मिमी, म्हणजे ती होते सुमारे २३५० मिमी. सूर्याच्या प्रतिमेचा व्यास साधारण नाभीय लांबी भागिले १०९, म्हणजे इथे २१ मिमीच्या वर. एवढं बिंब क्वार्कच्या फिल्टरमधून अख्खं बाहेर येत नाही. २५ मिमीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावलात तरी प्रतिमा ९४ पट मोठी होते. एखाद्या डागाभोवतीची गुंतागुंत बघायला हे झकास, पण हवा स्थिर पाहिजे, आणि भर उन्हात गच्चीवर ती मिळणं कठीण. शिवाय फिल्टर तापून जागेवर यायला दहा-एक मिनिटं लागतात, नॉब एक घर फिरवला की पुन्हा थांबा. पॉवर बँक लागते ती वेगळीच. ऑफिसला निघायच्या आधी अर्धा तास मिळणाऱ्या माणसाचं हे काम नाही.

पीएसटीचं भिंग ४० मिमी, नाभीय लांबी ४०० मिमी. लाल प्रकाशात तिची विभेदनक्षमता (किती बारीक तपशील सुटा दिसतो ती) सुमारे ४ आर्कसेकंद, म्हणजे कागदावर तुमच्या ८० मिमीच्या निम्मीच. पण तापलेल्या स्लॅबवरची हवाच त्याहून बारीक काही दिसू देत नाही. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर उगाच बांधलेली नाही. पाण्यावरची हवा जमिनीवरच्या हवेइतकी उकळत नाही. आपण सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान बघावं, शेजारच्या पत्र्याच्या छपरावरून नजर जाणार नाही अशी जागा निवडावी, आणि शक्य असेल तर गच्ची सोडून सोसायटीच्या लॉनवर उतरावं. पावसाळा संपल्यावर धुतलेल्या आकाशात बिंबाच्या कडेची काळी पार्श्वभूमी जी मिळते, ती मे महिन्याच्या धुरकटात मिळत नाही.

एच-अल्फात, म्हणजे हायड्रोजनच्या त्या लाल रेषेच्या प्रकाशात, भिंगाच्या व्यासापेक्षा बँडविड्थ, म्हणजे फिल्टर सोडतो त्या पट्ट्याची रुंदी, महत्त्वाची. हायड्रोजनची रेषा ६५६.२८ नॅनोमीटरवर, आणि पीएसटीसारखी दुर्बीण तिथला जेमतेम १ अँगस्ट्रॉम, म्हणजे ०.१ नॅनोमीटर, आत सोडते. कडेवरचे प्रॉमिनन्स तेवढ्यात उत्तम दिसतात. बिंबावरचे फिलामेंट (बिंबासमोर काळ्या दोऱ्यांसारखे दिसणारे प्रॉमिनन्सच) आणि प्लाज (डागांभोवतीचे उजळ भाग) उठून दिसायला दुसरा एटॅलॉन, म्हणजे इतका अरुंद पट्टा निवडणारा फिल्टरचा मुख्य भाग, जोडून अर्ध्या अँगस्ट्रॉमपर्यंत यावं लागतं. तो खर्च पहिल्या वर्षी करू नका.

इथेच एक धोक्याची गोष्ट. ऑनलाइन दुकानांत ‘एच-अल्फा ७ नॅनोमीटर’ म्हणून जे फिल्टर दिसतात, ते रात्री तेजोमेघांचे फोटो काढायचे. रुंदी सत्तर पट, त्यामुळे प्रॉमिनन्स तर दिसणार नाहीतच, आणि सूर्याकडे वळवलेल्या दुर्बिणीत तो लावून डोळा लावलात तर डोळा जाईल. नाव सारखं म्हणून फसू नका.

आता खरंच काय दिसतं? फोटोतलं नारिंगी, खवल्याखवल्यांचं बिंब विसरा. ते रंग आणि तो उठाव नंतर संगणकावर आलेला असतो. आयपीसमध्ये गडद लाल चकती दिसते, आणि पहिलं मिनिटभर ती सपाटच वाटते. डोक्यावर काळं कापड घ्या. कडेवर फोकस करा, मग ट्यूनिंग रिंग (एटॅलॉन रेषेवर आणायची कडी) केसभर फिरवत जा. आधी काहीच नसलेल्या कडेवर एक फिकट कुंपण उगवतं, आणखी जरा फिरवलं की त्यातल्या कमानी सुट्या होतात. हा रिंगचा खेळ नुसता स्पष्टतेसाठी नाही. सेकंदाला ५० किमी वेगाने आपल्याकडे येणाऱ्या वायूचा प्रकाश जवळपास १.१ अँगस्ट्रॉम निळ्या बाजूला सरकतो. म्हणजे उसळत असलेलं फिलामेंट रेषेच्या मध्यावर दिसेनासं होतं आणि रिंग थोडी फिरवली की पुन्हा सापडतं. फिलामेंट ‘गायब झालं’ असं वाटलं की आधी रिंगला हात घाला.

(विजयदुर्गच्या ‘साहेबाच्या कट्ट्या’वरून इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने १८६८ च्या ग्रहणात हेलियम शोधला, ही गोष्ट आपल्याकडे दर ऑगस्टला फिरते. लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता. १८ ऑगस्टचं ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसताना, वर्णपटदर्शकातून प्रॉमिनन्स पुन्हा पकडले. लॉकियरने तेच ऑक्टोबरमध्ये लंडनहून केलं. ग्रहणाची वाट न बघता प्रॉमिनन्स बघायची सोय तेव्हापासूनची.)

सौरचक्राची चिंता सोडा. २५ व्या चक्राची कमाल ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली हे खरं, पण उतरतीच्या वर्षांतही सूर्य गप्प बसत नाही. २३ व्या चक्रात नोव्हेंबर २००३ चा तो प्रचंड फ्लेअर (सौरज्वाला) कमाल होऊन गेल्यावरच आला होता. डाग कमी झाले की तुमची फिल्म रिकामी बसेल. प्रॉमिनन्स मात्र किमान काळातही अधूनमधून दिसतात.

पीएसटीवर डीएसएलआर थेट फोकस होत नाही, बार्लो लागतो, हे आधीच माहीत असू द्या.

सेकंडहँड घेताना भिंगावर टॉर्चचा प्रकाश तिरका मारून बघा. जुन्या दुर्बिणींच्या लेपावर धुरकट किंवा गंजासारखे डाग येतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेली असेल तर जास्तच बारकाईने तपासा. आयपीसच्या बाजूचा छोटा फिल्टरही बघा. मग उन्हात न्या. सूर्य दृष्टिक्षेत्रात इकडून तिकडे सरकवला की एखाद्या भागातच तपशील दिसेल. थोडंसं तसं असणं चालतं, नखाएवढीच जागा चांगली असेल तर नको. रिंग फिरवताना चित्र सुधारत जाऊन पुन्हा बिघडायला हवं. टोकाला अडेपर्यंत फिरवूनही ते सुधारतच असेल, तर एटॅलॉन रेषेवर पोहोचतच नाहीये. ती दुर्बीण कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.